नातीच्या शिरेतले मासे

माझ्या नातीच्या जेवणात मासे आहेत असं कळल्यावर मी डॉक्टरांना ते जेवण दोन दिवस बंद ठेवायला सांगितलं होतं. नात तेव्हा सहा दिवसांची होती, वजनाने जेमतेम किलोभर, आणि तिचं जेवण शिरेतून चाललं होतं. आणि हे सांगणारी बाई कोण? मालवणची, मच्छीमाराची बायको, वर अंगणवाडी सेविका. तिला तेव्हा अजिबात लाज वाटली नाही. तिच्या वाटणीची मला आता वाटते, आणि हसूही येतं.

'ती' म्हणते, कारण आठ वर्षांपूर्वीच्या त्या बाईशी माझं आता फारसं पटत नाही. ती चोपन्न वर्षांची होती, केसांना मेंदी लावायची आणि तिला जगातलं सगळं माहीत होतं. वाडीतली मुलं काट्याच्या झोळीत टांगून तिने वर्षानुवर्षं वजनं घेतली होती. मुलाचं वजन कमी भरलं की त्याच्या आईला समोर बसवून भाषण. अंगणवाडीच्या भिंतीवर आहाराचा तक्ता होता, त्यातल्या तुपाच्या वाटीवर आणि शेंगदाण्यांवर पट्टी आपटत ती म्हणायची, "स्निग्ध पदार्थ! बाळाच्या मेंदूला लागतात हो!" पुढे खरेखुरे स्निग्ध पदार्थ तिच्या डोळ्यांसमोर आले तेव्हा तिने ते ओळखलेसुद्धा नाहीत.

सुनेला सातवा संपत आला आणि तिचं ब्लडप्रेशर एकदम चढलं. पाय सुजले, डोकं दुखायला लागलं. मुलाने तिला गाडीत घातली आणि कुडाळच्या दवाखान्यात नेली. तिथे त्यांनी तासाभरात ऑपरेशन करून मुलगी बाहेर काढली. वजन अकराशे ग्रॅम. घरी फोन आला तेव्हा आमचे हे जाळं विणत बसले होते. आकडा ऐकून त्यांनी नुसता उजवा हात पुढे केला, तळवा वर करून, आणि थोडा वर-खाली केला. ते मासळीचं वजन असंच सांगतात, काट्याशिवाय. मग हात खाली ठेवला आणि पुन्हा जाळं विणायला घेतलं. मी मात्र बोलले. मी बोलत नाही असं कधी होत नाही. "माझ्या अंगणवाडीत असली बाळं होती, सगळी जगली," असं ठणकावून सांगितलं. साफ खोटं. अकराशे ग्रॅमचं बाळ मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नारळ घेऊन गावच्या देवळात गेले. बरोबर हे आणि मुलगा. आमच्याकडे देवाला गाऱ्हाणं घालतात ते गुरवाच्या तोंडून. गुरव एकेक वाक्य देवाला सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे उभी असलेली सगळी माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लहानपणापासूनची सवय. वाक्य कुठलंही असो, ते संपलं की तोंडातून 'व्हय म्हाराजा' निघतं.

गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांच्या घरात एक बारका पाखरू इला आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेका तू सांबाळ, वाडव, सुखान घराक हाड."

"व्हय म्हाराजा!"

सांभाळ, वाढव, सुखाने घरी आण, एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्ट लिहायचं कारण उरलं नसतं. पण त्या बाईला देवासमोरही जरा जास्तच बोलायचं असतं. ती पुढे सरून गुरवाच्या कानात चेडवासाठी, म्हणजे मुलीसाठी, एक नवस कुजबुजली, आणि गुरवाने सांगितलं, "चेडू घराक येयसर ह्या घरातला एकय माणूस माशाक तोंड लावचा नाय!"

"व्हय म्हाराजा!" हे आणि मुलगा एका सुरात म्हणाले. म्हणून झाल्यावर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

पायऱ्या उतरताना हे म्हणाले, "काय गो, आता माका काय होकार देवक लावलंस?"

"नातीसाठी एवढं जमत नाही?"

"नातीसाठी मी समुद्र सुको करीन. पण बांगड्याच्या दिवसांत?"

पौषाची थंडी होती आणि बांगडा भरभरून लागत होता. हे पहाटे समुद्रावर जायचे, होडी भरून आणायचे, लिलावात सगळी मासळी द्यायचे आणि रिकाम्या हाताने घरी येऊन वरणभातासमोर बसायचे. वरणात चमचा फिरवून खाली काही लागतंय का ते बघायचे. शेजारच्या घरातून तळण्याचा वास आला की हे उठून खिडकी लावायचे, आणि मग खिडकीजवळच उभे राहायचे.

या नवसाचा खरा फटका मात्र सुनेला बसला, आणि तिला तर कोणी विचारलंही नव्हतं. आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला मोरी घालतात. मोरी म्हणजे शार्कचं पिल्लू. तिचं सुकं किंवा तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, करून दिलं की आईला दूध येतं, असं आमच्या सगळ्या सासवा, त्यांच्या सासवा सांगत आल्या. शेजारीण तिसऱ्या दिवशी साफ केलेली मोरी घेऊन दारात उभी राहिली. मी तिला उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. "नवस आहे," म्हटलं. ती म्हणाली, "नवस तुजो. दूध तिका येवचा आसा." मी दार ओढून घेतलं. हा त्या बाईचा दुसरा मूर्खपणा, पण ती तेव्हा पहिल्यातच गुंग होती.

सून दवाखान्यात पंपाने दूध काढायचा प्रयत्न करी. दर तीन तासांनी. वाटीचा तळ जेमतेम ओला होई. तेवढंही सिस्टर थेंब न सांडता नेत आणि नळीने बाळाच्या पोटात सोडत. सून वाटीकडे बघे, भिंतीकडे बघे. मी शेजारी बसून सांगे, "येईल, येईल. मनावर घेऊ नकोस." आणि डब्यातून तिला काढून देई वरण, भात आणि दुधी.

सहाव्या दिवशी मला आत सोडलं. हात कोपरापर्यंत धुवायला लावले, बांगड्या काढायला लावल्या, अंगात गाऊन घातला. काचेच्या पेटीत माझी नात होती. तिचा अख्खा पंजा माझ्या करंगळीच्या पेरावर मावला असता. कातडीखाली काहीच नव्हतं, नुसती ती आणि तिचा श्वास. एका नळीतून पाणी-साखरेचं काहीतरी जात होतं. दुसऱ्या बाजूला एका यंत्रात सिरिंज आडवी बसवलेली, तिच्यावर काळं आवरण, आणि तिच्यातून निघालेली तपकिरी नळी थेट नातीच्या हातातल्या शिरेत. आवरणाची कड जराशी सरकली होती. आत पांढरंशुभ्र काहीतरी होतं.

मी ओरडले. तीस वर्षं अंगणवाडीत काढलेली सेविका ओरडली. "अहो सिस्टर! दूध शिरेत चाललंय! नळ्या बदलल्या तुमच्या!"

सिस्टर बांद्याची होती. डोळे मोठे, बोलणं सावकाश. तिने आधी आवरणाची कड नीट केली, मग मला म्हणाली, "काकी, हळू बोला. झोपल्यात सगळी. ह्या दूध न्हय. ही चरबी."

"चरबी?"

"स्निग्ध पदार्थ." असं म्हणून ती हसली. मला तो तक्ता आठवला आणि मी पट्टी नसलेला हात मागे लपवला.

तिने मला सगळं समजावून सांगितलं. आईच्या पोटात शेवटच्या महिन्यांत बाळ अंगावर चरबी धरतं. हिला ते महिने मिळालेच नाहीत. मेंदू आणि डोळे तर आत्ताच वाढायचे आहेत, अंग तापतं ठेवायचं आहे, आणि आतडं अजून इतकं कोवळं की एका वेळी दुधाचे चार थेंबच पेलतं. मग तोवर काय? म्हणून तेल, पण असं घोटलेलं की रक्तात मिसळून जाईल. दिवसभर हळूहळू, मशीन लावून. उजेडाने ते बिघडतं, म्हणून काळं आवरण. रक्त तपासून बघतात, तेल साचत नाही ना ते.

"आईचं दूध पोटभर जायला लागलं की हे बंद," सिस्टर म्हणाली. "म्हणान सांगतंय, बाळंतिणीक सांबाळा. काय देतास खावक?"

"वरणभात. दुधी."

"आणि माशे?"

मी ताठ झाले. "आमचा नवस आहे. बाळ घरी येईपर्यंत आमच्या घरातलं एकही माणूस माशाला तोंड लावणार नाही."

सिस्टरने माझ्याकडे पाहिलं, सिरिंजकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावरचा मास्क हलायला लागला. "अवो काकी," ती म्हणाली, "पण तुमचा चेडू खाता मां!"

त्या पांढऱ्या औषधात काय काय होतं ते तिने बोटांवर सांगितलं. सोयाबीनचं तेल, खोबऱ्यापासूनचं तेल, ऑलिव्हचं तेल. आणि चौथं बोट मुडपून म्हणाली, "माशाचा तेल."

आता एखादी शहाणी बाई इथे हसली असती. मी घाबरले. नवस मोडला होता, आणि ज्या जिवासाठी केला त्याच जिवाने मोडला होता. त्यातच पेटीवर लावलेल्या कागदावर मला आकडा दिसला, एक हजार चाळीस. अकराशेवरून साठ ग्रॅम खाली! माझ्या डोक्यात दोन्ही गोष्टींची गाठ बसली. मी तशीच गाऊन घालून बाहेर आले आणि डॉक्टरांना गाठलं.

डॉक्टर घाटावरची, कोल्हापूरकडची मुलगी होती. "बोला आजी," ती म्हणाली. मी मागे वळून पाहिलं. मला आजी म्हणणारी ती पहिलीच.

"डॉक्टर, तेवढे मासे दोन दिवस थांबवा," मी म्हटलं.

"कुठले मासे?"

"तिच्या शिरेतले. मी देवाला विचारून येते. मग पुन्हा सुरू करा."

डॉक्टरने हातातली फाइल मिटली. ती हसलीही नाही आणि रागावलीही नाही. "आजी, पहिल्या आठवड्यात बाळांचं वजन थोडं उतरतंच. आमच्या हिशेबात आहे ते. पण हे थांबवलं तर दोन दिवस ती कशावर काढेल? तिच्या अंगावर साठवलेलं काहीच नाही." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्ही अंगणवाडीत आहात ना? उपाशी आलेल्या मुलाला तुम्ही परवा ये म्हणून सांगता का हो?"

इतक्या वर्षांत असंख्य आयांची तोंडं मी बंद केली होती. माझं तोंड बंद करायला एक वाक्य पुरलं.

मागे सून उभी होती. टाक्यांवर हात धरून, वॉर्डातून चालत आली होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. लग्नाला तीन वर्षं झाली होती, माझ्यासमोर ती कधी एका वाक्याच्या वर बोललेली नव्हती. आधी ती डॉक्टरांशी बोलली, शुद्ध मराठीत. "डॉक्टर, तुम्ही चालू ठेवा." मग माझ्याकडे वळली. "आई, तुमी घराक जावा. देवाकडे काय तां मिटवन इया. माझ्या चेडवाच्या जेवणात कोणी हात घालूचो नाय. तुमीय नाय."

आणि भिंतीला धरून धरून ती परत गेली. मला तिच्यामागे जायचं धाडस झालं नाही.

हे स्कूटर घेऊन खाली थांबले होते. मी मागे बसले आणि सांगितलं, सगळं, सुनेच्या शेवटच्या वाक्यासकट. स्कूटर थोडा वेळ सरळ चालली, मग ह्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत. ह्यांनी गाडी कडेला घेतली, हँडलवर डोकं टेकलं आणि असे हसले की समोरून येणारा रिक्षावाला थांबून विचारायला लागला, काय झालं.

"सगळ्या घरान माशे सोडले जिच्यासाठी, ती एकटी माशे खाता!" हे डोळे पुसत म्हणाले. "तांय शिरेतसून! चेडू माझ्यार गेला गो, माझ्यार गेला!"

सहा दिवसांनी घरातलं कोणीतरी हसत होतं. मी आधी रागावले, मग मलाही आवरेना.

तरी नवस तो नवस. दुसऱ्या सकाळी आम्ही पुन्हा देवळात. आमच्याकडे असा पेच पडला की कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणाला फुलाच्या ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवीकडची पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरवाने पाकळ्या लावल्या, नवस सोडवायचा का, हा माझा प्रश्न सांगितला, आणि आम्ही हात जोडून बघत राहिलो. एकही पाकळी हलेना. मी मनातल्या मनात देवाला पुन्हा पुन्हा समजावत होते. मधूनच मला जाणवलं की मी त्याला भाषण देते आहे.

शेवटी हे पुढे झाले. "बा देवा म्हाराजा," ह्यांनी गुरवाला न विचारता सुरू केलं, "ह्या बायलमाणसान माका इचारल्याशिवाय माझ्या तोंडातलो घास तुका दिल्यान. माझो तू ठेव. पण माझ्या सुनेचो परत दी. तिच्या चेडवाक दूध व्हया."

गुरवाच्या तोंडून सवयीने निघालं, "व्हय म्हाराजा!"

आणि उजवी पाकळी पडली. देवाने पाडली की दारातून आलेल्या वाऱ्याने, ते मी आजवर कोणाला विचारलेलं नाही.

तिथून निघाले ती तडक शेजारणीच्या दारात. तिने मला उंबऱ्याबाहेरच उभं केलं. बरोबरच होतं.

"मोरी मिळात काय?" मी विचारलं.

"कित्याक गो? देव आता माशे खावक लागलो काय?"

"देव नाही. सून."

तिने मला हवं तेवढं बोलून घेतलं. मी ते उभ्याने ऐकलं, मान खाली घालून, जशा माझ्या भाषणांना आया ऐकायच्या. मग ती आत गेली, आणि परत आली ती हातात मोरी घेऊनच. वर म्हणाली, "मसालो माझो ने. तुझ्या मसाल्याक चव नाय." तोही नेला.

डबा घेऊन मी कुडाळच्या एस.टी.त चढले. नुकतं उतरवलेलं मोरीचं सुकं, त्यात शेजारणीचा मसाला. गाडी अर्ध्या वाटेत जाईपर्यंत मागच्या बाकावरची माणसंसुद्धा पुढे बघायला लागली. कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणाला, "काकी, डबो घट लावा. नायतर ड्रायव्हर गाडी हंयच उभी करतलो."

सुनेसमोर डबा उघडला. तिने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मिटवलं." तिने डबा पुढ्यात ओढला. आणि जेवली अशी की डबा घासायची गरज उरली नाही. ह्यांचा घास देवाकडे गहाण राहिला तो राहिलाच. नात घरी येईपर्यंत हे दुधी खात राहिले, आणि त्याचं पुण्य मात्र गावभर सांगत राहिले.

त्यानंतर मी रोज डबा नेला. वाटीचा तळ ओला व्हायचा तिथे पाव वाटी दूध दिसायला लागलं, मग अर्धी. शेजारीण म्हणते मोरीने. डॉक्टर म्हणाली, दर तीन तासांनी न चुकता पंप लावला, पोटभर जेवली, मन जरा हलकं झालं, त्याने. मी दोघींना हो म्हणते. त्या बाईकडून शिकले ते एवढंच.

नळीने जाणारं दूध रोज थोडं वाढे आणि त्या मानाने पांढऱ्या सिरिंजचा वेग कमी होई. सून दिवसातून कितीतरी तास बाळाला छातीशी उघड्या अंगाने धरून बसायची, कांगारूसारखं. एकदा ती जेवायला गेली असताना सिस्टर म्हणाली, "काकी, तवसर तुमी बसा." मला वाटलं थट्टा करते आहे. पण तिने मला खुर्चीत मागे रेलून बसवलं, आणि नळ्या सांभाळत नातीला माझ्या छातीवर ठेवलं, वर चादर. आयुष्यभर मुलांची वजनं काट्यावर वाचलेली मी. वजन असं अंगावर घेऊन कधी मोजलं नव्हतं. एक ऊबदार पान ठेवल्यासारखं होतं, आणि ते पान श्वास घेत होतं. मी तासभर तोंडातून अवाक्षर काढलं नाही. सिस्टर म्हणाली, तिला माझी काळजी वाटायला लागली होती.

अठराव्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पेटीपाशी उभ्या होतो. डॉक्टरने कागद पाहिला. वजन बाराशे तीस. सिस्टरने यंत्र बंद केलं, काळं आवरण काढलं, आणि ती सिरिंज आणि नळी उचलून घेऊन गेली. नातीचा तो हात पहिल्यांदा मोकळा दिसला. तिने तो हवेत नेला आणि मूठ वळली. आता जे काही जाणार होतं ते आईच्या दुधातूनच. मला वाटलं, या वेळी काहीतरी शहाण्यासारखं बोलावं. मी तोंड उघडलं, पण सुनेने माझा दंड धरला आणि हसत हसत म्हणाली, "आई, आता डॉक्टरांक इचारा, माझ्या दुधात काय काय आसा तां. पण आधी उद्याचो मोरीचो डबो हाडा, मगे इचारा."